गल्ल्यातलं क्रिप्टो: पैसे नव्हेत, माल

प्रश्न थोडक्यात असा: बडोद्याच्या मंगळ बाजारात साड्या आणि चणिया-चोळीचं दुकान आहे, तिसरी पिढी. नवरात्रीच्या आधी आणि पुन्हा डिसेंबरात परदेशात स्थायिक झालेली गिऱ्हाइकं येतात. यंदा टोरांटोहून आलेल्या एका ताईंनी भाचीच्या लग्नासाठी ८४,००० रुपयांचा माल बाजूला काढून ठेवला आणि विचारलं, "यूएसडीटीत दिले तर चालतील का?" (यूएसडीटी म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो.) सयाजीगंजकडची कॉलेजची पोरंही अधूनमधून बिटकॉइनचं विचारतात. "काका, क्रिप्टोचं वॉलेट काढू का? जीएसटी कसा लावायचा? दुकानावर पाटी लावली तर गिऱ्हाईक वाढेल का?"

काका म्हणालास, तर मी अरे-तुरेच करतो. दांडिया बाजारात गेली अठ्ठावीस वर्षं मी किरकोळ दुकानदारांचे हिशेब लिहितो, जीएसटी आणि आयकराची विवरणपत्रं भरतो. माझ्याकडच्या चार-पाच दुकानदारांनी क्रिप्टो घेऊन पाहिलं आहे. आज त्यातला एकही घेत नाही. का, ते सांगतो. आणि तुला घ्यायचंच असेल तर कसं, तेही सांगतो, कारण नुसतं 'नको' म्हटलं की तुझ्या वयाची मुलं मागच्या दाराने तेच करतात आणि मार्चमध्ये निस्तरायला माझ्याकडे येतात.

आधी व्यवहार काय आहे ते नीट समजून घे, बाकी सगळं त्यातूनच निघतं. गिऱ्हाइकाने यूपीआयने पैसे दिले की तुझ्याकडे रुपये आले, विषय संपला. क्रिप्टो दिलं की कायद्याच्या लेखी तू त्याच्याकडून एक मालमत्ता विकत घेतलीस आणि तिची किंमत म्हणून साडी दिलीस. दुपारच्या वेळी बोहारीण दारात यायची, जरीची जुनी साडी घेऊन पातेलं द्यायची, आठवतं का? तुला नाही आठवणार, आईला विचार. तोच हा व्यवहार, फक्त इथे बोहारीण तू आहेस. आणि तिला जे प्रश्न पडायचे तेच तुला पडणार: वस्तू खरी आहे का, हिचा भाव काय धरू, आणि पुढे ही मी कुणाला विकू?

हे कायद्यात बसतं का, असं तू विचारलं नाहीस, पण तुझे बाबा विचारतील. बंदी नाही. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ ला बँकांना क्रिप्टोपासून लांब राहायला सांगणारं परिपत्रक काढलं होतं, ते सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० ला रद्द केलं. २०२२ च्या अर्थसंकल्पात सरकारने 'आभासी डिजिटल मालमत्ता' असं नाव देऊन कर बसवला. नाव बघ: मालमत्ता. चलन म्हटलेलं नाही. त्यामुळे ते घ्यायची तुझ्यावर कुणी सक्ती करू शकत नाही, आणि घेतलंस तर त्याला पैशाचे नियम लागत नाहीत, मालमत्तेचे लागतात.

बडोद्याला खरं तर हे नवीन नाही. गायकवाडी राज्यात बाबाशाही रुपया चालायचा आणि जोडीला इंग्रजी रुपयाही. दोघांचा भाव सारखा नव्हता, तो खालीवर व्हायचा, आणि बदलून देताना सराफ वटाव कापायचा. सयाजीरावांच्या कारकिर्दीत बाबाशाही बंद होऊन सगळीकडे एकच रुपया झाला, तेव्हा इथल्या व्यापाऱ्याच्या डोक्यामागचा एक कायमचा हिशेब कमी झाला. तो हिशेब तू पुन्हा गल्ल्यावर आणू बघतोयस. वटाव हा शब्द तेवढा लक्षात ठेव, पुढे लागेल.

आता कर. कलमांचे आकडे मुद्दाम देत नाही, कारण २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे आणि त्यात क्रमांक बदलले आहेत. तत्त्व सांगतो.

सगळ्यांची दांडी उडते ती टीडीएसवर, म्हणजे मोबदला देतानाच कापून सरकारात भरायच्या करावर. लोकांना वाटतं, क्रिप्टोवरचा एक टक्का एक्सचेंज, म्हणजे क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणारी कंपनी, कापतं, दुकानदाराचा काय संबंध? पण १ जुलै २०२२ पासूनचा नियम असा, की क्रिप्टो देणाऱ्या रहिवाशाला जो मोबदला देतो त्याने एक टक्का कापायचा. तुझ्या काउंटरवर क्रिप्टो देणारा कोण? गिऱ्हाईक. मोबदला देणारा कोण? तू. आणि मोबदला म्हणजे तर तू दिलेला माल, समज शेरवानी. तिच्यातून एक टक्का कसा कापणार, बटण काढून ठेवणार? म्हणून कायद्यात सोय आहे: मोबदला वस्तूच्या रूपात असेल तर कर भरला गेल्याची खात्री झाल्यावरच वस्तू हातातून सोडायची. म्हणजे सयाजीगंजच्या पोराने २०,००० ची शेरवानी बिटकॉइनमध्ये घेतली, तर त्याने आधी २०० रुपये कराचं चलान भरून तुला दाखवायचं, मग तू पिशवी द्यायची. त्याचा पॅन घ्यायचा आणि तो विवरणपत्रात दाखवायचा. हे विसरलास तर तो कर आणि त्यावरचं व्याज तुझ्या अंगावर.

किमान मर्यादा आहे, पण ती तुला फारशी कामाची नाही. दुकान एका व्यक्तीच्या किंवा हिंदू अविभक्त कुटुंबाच्या नावावर असेल आणि मागच्या वर्षीची उलाढाल एक कोटीच्या आत असेल, तर वर्षाला ५०,००० पर्यंत हा नियम लागत नाही. बाकीच्यांना मर्यादा फक्त १०,००० ची. तुमची भागीदारी पेढी आहे असं मला आठवतं. तसं असेल तर उलाढाल कितीही असो, १०,००० च.

टोरांटोच्या ताई रहिवासी नाहीत. त्यांना हा एक टक्क्याचा नियम लागत नाही, पण त्याने खूश होऊ नकोस. अनिवासी माणसाला मोबदला देताना वेगळी तरतूद आहे, तिला किमान मर्यादाच नाही, आणि त्यांना झालेला फायदा भारतात करपात्र आहे का, दोन देशांच्या करारात काय म्हटलंय, हे सगळं बघावं लागतं. गिऱ्हाईक बाकावर बसून थंड पीत असताना काउंटरवर सुटणारी ही गोष्ट नाही.

दुसरा भाग, तुझ्या स्वतःच्या कराचा. ८४,००० ची विक्री झाली, ती नेहमीसारखीच विक्री. त्यातला नफा नेहमीच्या दराने करपात्र, यात फरक नाही. पण हातात आलेलं क्रिप्टो ही आता तुझी ८४,००० ला घेतलेली मालमत्ता. ती उद्या एक लाखाला गेली तर वरच्या १६,००० वर सरळ ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ४,९९२ रुपये. तुझा कराचा टप्पा कुठलाही असो. एक्सचेंजची फी, इंटरनेटचा खर्च, काही वजा होत नाही; फक्त खरेदीची किंमत वजा होते. आणि भाव पडून ती ७०,००० ला विकावी लागली तर १४,००० चा तोटा गिळायचा. दुकानाच्या नफ्यातून तो वजा करता येत नाही, दुसऱ्या क्रिप्टोच्या फायद्यातून नाही, पुढच्या वर्षावरही ढकलता येत नाही. साडीला उंदराने कुरतडलं तर ते नुकसान मी तुझ्या हिशेबात दाखवू शकतो. हे नाही दाखवू शकत.

"यूएसडीटी म्हणजे डॉलरच, तो कुठे पडतो," असं म्हणशील. बहुतेक दिवस नाही पडत. पण मार्च २०२३ मध्ये अमेरिकेत एक बँक बुडाली तेव्हा यूएसडीसी, म्हणजे त्याचंच भावंड, एका डॉलरऐवजी नव्वद सेंटच्याही खाली उतरलं होतं. दोन-तीन दिवसांत सावरलं. तेवढ्यात ज्याला सुरतेच्या व्यापाऱ्याचे पैसे द्यायचे होते त्याने काय करायचं?

जीएसटीचं सोपं आहे. जीएसटी कायद्यातल्या पैशाच्या व्याख्येत क्रिप्टो नाही, म्हणून बिल बाजारभावाने करायचं, म्हणजे तोच लेहंगा यूपीआयवाल्याला ज्या किमतीला देतोस त्या किमतीला. क्रिप्टोवाल्याला म्हणून कमी-जास्त दाखवायचं नाही. तयार कपड्याचा नग २,५०० च्या वरचा असेल तर सध्या १८ टक्के. ताईंचा सगळा माल तसाच आहे असं धरलं तर ८४,००० मध्ये १२,८१४ रुपये सरकारचे आहेत, आणि ते पुढच्या महिन्याच्या २० तारखेला रुपयांतच भरायचे. पोर्टल यूएसडीटी घेत नाही. म्हणजे 'क्रिप्टो ठेवून देऊ, वाढेल' असं म्हणणाऱ्याने आधी खिशातून बारा-तेरा हजार काढायचे. एका छोट्या दुकानदाराचं असंच झालं होतं, आणि वर तो अंदाजित नफ्याच्या योजनेत होता. तिथे यूपीआय, कार्ड, बँक ट्रान्सफर अशा ठरवून दिलेल्या मार्गांच्या विक्रीवर सहा टक्के नफा धरतात, बाकीवर आठ. क्रिप्टो त्या यादीत नाही. रक्कम किरकोळ होती, पण त्याला वाटत होतं की आपण 'डिजिटल पेमेंट' घेतोय.

आता वटावाकडे येतो. कारण माझ्या अनुभवात लोक करात कमी आणि इथे जास्त अडकतात.

डिसेंबर २०१७. बिटकॉइन एकोणीस हजार डॉलरच्या वर गेला होता आणि रावपुऱ्यात चहाच्या टपरीवरही त्याचीच चर्चा. माझ्याकडचा एक कॉम्प्युटरवाला, त्याने एका मुलाला गेमिंगचा पीसी बिटकॉइनवर दिला. मुलाने काउंटरवर मोबाईल दाखवला, 'पाठवले' असं दिसत होतं. मशीन रिक्षात गेलं. पैसे मात्र दोन दिवस लटकले, कारण त्या दिवसांत नेटवर्कवर एवढी गर्दी होती की कमी फी लावलेले व्यवहार मागे पडत होते. आले तेव्हा भाव खाली. हा म्हणाला, वाढू दे परत. जुलै २०१८ पर्यंत बँकांनी एक्सचेंजेसचे दरवाजे बंद केले आणि वर्षअखेरीला बिटकॉइन चार हजार डॉलरच्याही खाली. मग याने विचार केला, राहू दे, म्हातारपणाची सोय. वॉलेट परत मिळवण्याचे बारा शब्द त्याने एका बिलबुकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवले होते. दिवाळीच्या साफसफाईत जुनी बिलबुकं रद्दीत गेली, पुढे मोबाईलही बिघडला. जीएसटीच्या वह्या-बिलं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवायची असतात हे मी त्याला दरवर्षी सांगतो. मी सांगतो ते लोक का ऐकत नाहीत, कुणास ठाऊक.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे, आणि तुझ्या यूएसडीटीला थेट लागू आहे. तीनेक वर्षांपूर्वी एका भेटवस्तूंच्या दुकानदाराने गिऱ्हाइकाकडून यूएसडीटी घेतले. रुपये करायला त्याने एक्सचेंजला न विकता व्यक्तीला व्यक्तीने विकायचा मार्ग धरला, म्हणजे पी-टू-पी. तिथे भाव दोन-तीन रुपये बरा मिळतो. अनोळखी माणसाने त्याच्या चालू खात्यात आयएमपीएसने एक लाख दहा हजार टाकले, याने यूएसडीटी सोडले. तीन आठवड्यांनी खातं गोठलं. दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांकडून बँकेला सूचना आली होती. झालं असं, की तिकडे कुणाची तरी फसवणूक झाली, त्याने सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली, पैसे कुठून कुठे गेले त्याची साखळी निघाली आणि त्या साखळीत तिसरं की चौथं खातं याचं होतं. चोराने लुटलेल्या पैशातून याचे यूएसडीटी विकत घेतले होते. चोर यूएसडीटी घेऊन गेला, आणि नाव, पत्ता, आधार, जीएसटी नंबर असलेला माणूस हा एकच उरला.

याचा गुन्हा काही नव्हता. पण तसं सिद्ध होईपर्यंत चार महिने गेले. पुरवठादारांचे दोन चेक परतले, नोकराचा पगार बायकोच्या खात्यातून दिला, आणि बाजारात 'त्याचं खातं पोलिसांनी धरलंय' एवढीच बातमी फिरली. चेक परत गेलेल्या दुकानदाराला पुढच्या सीझनला उधारीवर माल कसा मिळतो हे तुला मी सांगायला नको. चार महिन्यांनी मोकळं होताना कामी आलं ते एकच: मूळ विक्रीचं पक्कं बिल, गिऱ्हाइकाशी झालेले मेसेज आणि व्यवहाराचा हॅश, म्हणजे क्रिप्टोच्या त्या व्यवहाराचा नंबर. ते त्याने ठेवले होते म्हणून निभावलं.

दोन-तीन रुपयांचा जास्त भाव का मिळतो, हे आता कळलं असेल. तोही वटावच, उलट्या बाजूने.

काउंटरवरच्या गमती वेगळ्याच. यूपीआयमध्ये स्कॅन केलं की दुकानाचं नाव दिसतं आणि साउंडबॉक्स ओरडतो. इथे नाव दिसत नाही, नुसती अक्षरांची लांबलचक माळ, आणि ओरडणारं कुणी नाही. सेल्समनने तुझ्या क्यूआरवर स्वतःचा क्यूआर चिकटवला तर संध्याकाळपर्यंत कळणार नाही, आणि कळल्यावर परत मिळणार नाही. यूएसडीटीत तर नेटवर्कचा घोळ. एकच नाव, पण ट्रॉनवर वेगळा, इथेरियमवर वेगळा. ट्रॉनचा पत्ता 'टी' अक्षराने सुरू होतो, इथेरियमचा 'शून्य-एक्स' ने. तू एक्सचेंजचा एका नेटवर्कचा पत्ता दिलास आणि गिऱ्हाइकाने दुसऱ्यावर पाठवले, तर ते मिळतीलच याची खात्री नाही. त्यात भर म्हणजे यूएसडीटी असं नाव देऊन कुणीही खोटं टोकन बनवू शकतो. वॉलेटमध्ये ते खऱ्यासारखंच दिसतं. ते खरं आहे का, हे टोकनच्या कॉन्ट्रॅक्टच्या, म्हणजे ते ज्या प्रोग्रॅममधून निघालं त्याच्या, पत्त्यावरूनच कळतं. बनावट यूपीआय ॲपचा हिरवा टिक दाखवून पळणारी मंडळी तू पाहिली असशील, हा त्यांचाच मोठा भाऊ. शिवाय यूएसडीटी काढणारी कंपनी एखाद्या पत्त्यावरचे यूएसडीटी गोठवू शकते, आणि गोठवतेही.

बिटकॉइनचा एक ब्लॉक, म्हणजे नोंदल्या गेलेल्या व्यवहारांचा गठ्ठा, सरासरी दहा मिनिटांनी येतो. मोठ्या रकमेला सहा ब्लॉक थांबायचा रिवाज आहे, म्हणजे तासभर. व्यवहार एकाही ब्लॉकमध्ये चढलेला नसताना पाठवणारा तोच व्यवहार जास्त फी लावून दुसरीकडे वळवू शकतो. तुझ्याकडे साड्या बघायलाच दोन तास लागतात, त्यामुळे तासभर बसवणं तुला जमेलही. रुमाल घेणाऱ्याला नाही जमणार.

आता ताईंचं. त्यांना यूएसडीटीतच का द्यायचे आहेत, हे आधी विचार. सरळ विचार, रागावणार नाहीत. बहुतेक वेळा उत्तर असतं की कार्डावर तीनेक टक्के जातात, ते टाळायचे आहेत. मग त्यावर इलाज आहेत. जुन्या बडोदेकराचं इथल्या कुठल्या तरी शाखेत एनआरओ किंवा एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांचं, खातं असतंच. बाबांच्या घराचं भाडं, एफडीचं व्याज तिथेच येतं. २०२३ पासून कॅनडासह काही देशांच्या मोबाईल नंबरांवर त्या खात्याला यूपीआय जोडता येतं. जोडलं की ताई तुझ्या नेहमीच्या क्यूआरवर पैसे देतील, आणि २०२० पासून यूपीआयच्या दुकानातल्या व्यवहारावर तुला कमिशनही पडत नाही. रोजच्या मर्यादेत बसत नसेल तर दोन दिवसांत दोन हप्ते. ते जमत नसेल तर कार्ड घे, आणि तीन टक्क्यांतला थोडा भार तू सोस. ८४,००० वर पूर्ण तीन टक्के म्हणजे २,५२० रुपये; तू एरवी घासाघिशीत याहून जास्त सोडतोस. ताईंकडे क्रिप्टोशिवाय दुसरं काहीच नाही असं असेल, तर त्यांनी ते स्वतः, स्वतःच्या नावच्या खात्यातून विकावेत आणि रुपये किंवा डॉलर बँकेतून पाठवावेत. विकायची कटकट, कर आणि भावाची जोखीम ज्याची मालमत्ता त्याच्याकडे राहते, तुझ्याकडे फक्त रुपये येतात.

एक सावधगिरी. ताई म्हणाल्या की माल टोरांटोला कुरियरने पाठव आणि यूएसडीटी मी तिथून टाकते, तर अजिबात नाही. ती निर्यात झाली, आणि निर्यातीचे पैसे अधिकृत बँकेमार्फतच आत यायला हवेत. इथे चूक झाली तर प्रकरण आयकरापुरतं राहत नाही, फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा, येतो.

डिजिटलची हौसच असेल तर रिझर्व्ह बँकेचा ई-रुपया आहे. १ डिसेंबर २०२२ पासून किरकोळ वापरासाठी प्रायोगिक तत्त्वावर सुरू आहे, तुझ्या यूपीआयच्या क्यूआरवरच चालतो, आणि तो खरा रुपया आहे. टीडीएस नाही, ३० टक्के नाही. गिऱ्हाईक विचारणार नाही ही गोष्ट वेगळी. मलाही आजवर एकाच दुकानदाराने त्याबद्दल विचारलं, आणि त्याचा मुलगा बँकेत आहे.

एवढं सांगूनही तुला करून बघायचंच असेल तर असं कर. पेढीच्या नावाने, केवायसी पूर्ण करून, आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे म्हणजे एफआययूकडे नोंदणी असलेल्या भारतीय एक्सचेंजवर खातं उघड, स्वतःच्या वैयक्तिक नावाने नाही. त्याला जोडायचं बँक खातं वेगळं ठेव. सुरतेचे चेक ज्या खात्यातून जातात त्याचा आणि याचा संबंध नको. टीडीएससाठी टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा नंबर, आहे का बघ, पेढीला लागेलच. बिल रुपयांत, आणि बिलाच्या खाली तारीख, वेळ, धरलेला भाव, तो कुठून घेतला, किती यूएसडीटी, कुठलं नेटवर्क आणि व्यवहाराचा हॅश, हे हाताने लिही. गिऱ्हाइकाचा पॅन आणि कराच्या चलानाची प्रत त्याला टाचून. मोठी रक्कम असेल तर आधी पाच-दहा यूएसडीटी मागव, आलेले बघ, मग बाकीचे. फोनवर गिऱ्हाइकाने दाखवलेला फोटो हा पुरावा नाही, तुझ्या खात्यात दिसलं तरच आलं. पत्ता दर बिलाला नवीन काढता येत असेल तर काढ, नाहीतर एकदा पैसे देणारा घरी बसून तुझी सगळी आवक बघत राहील. ब्लॉकचेन उघडी वही आहे.

आणि त्याच दिवशी वीक. एक्सचेंजवरच वीक, पी-टू-पी नाही. तिथे तुझा एक टक्का टीडीएस कापला जाईल, तो तुझ्या कर खात्यात दिसतो आणि वर्षअखेरीला जुळवता येतो. फी आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी जाईल. हा सगळा वटाव आधीच मोजून ठेव आणि गिऱ्हाइकाला सांग की परतावा द्यायची वेळ आली तर रुपयांतच, बिलावरच्या रकमेचा. ब्लाउजचा कपडा बसला नाही म्हणून चार दिवसांनी माल परत आला आणि तोवर भाव बदलला, तर किती क्रिप्टो परत द्यायचं यावर तासभर भांडण होतं. ते मी पाहिलं आहे, भर दुकानात. विकलेले रुपयेही एक्सचेंजवर पडू देऊ नकोस. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजवरून सुमारे २३ कोटी डॉलरचं क्रिप्टो चोरीला गेलं आणि लोकांना कितीतरी महिने स्वतःचं क्रिप्टो काढता आलं नाही.

पाटीचं विचारलंस. नको लावू. एल साल्वाडोरने २०२१ मध्ये बिटकॉइनला देशाचं अधिकृत चलन केलं, दुकानदारांवर सक्ती केली, आणि जानेवारी २०२५ मध्ये ती सक्ती काढून घेतली. एका देशाला जे गिऱ्हाईक मिळालं नाही ते मंगळ बाजारातल्या पाटीने येणार नाही. येतील ते वेगळेच. कॉम्प्युटरवाल्याने पाटी लावली होती, आठवड्याभरात एक जण येऊन म्हणाला, "शेठ, रोकडा आपो, यूएसडीटी लई लो." म्हणजे रोख द्या, यूएसडीटी घ्या. रोज दोन-तीन लाख, टक्केवारी तुमची. हा हवाल्याचा माणूस. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेपासून दुसऱ्यांसाठी धंदा म्हणून क्रिप्टो आणि रुपये बदलून देणारा मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली येतो, एफआययूकडे नोंदणी आणि अहवाल देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. तू साडी विकणारा आहेस, तुला त्यात पडायचं काय कारण? आणि गुजरातेत अजून बिटकनेक्ट या क्रिप्टोच्या फसव्या योजनेची आठवण ताजी आहे. जानेवारी २०१८ मध्ये ते कोसळलं तेव्हा आपल्याच गल्लीतल्या किती जणांनी दागिने मोडले, ते बाबांना विचार. पाटी बघून तुझी रोजची गिऱ्हाइकं आत येण्याऐवजी काळजीत पडतील.

हे वाचेपर्यंत तू ताईंकडून यूएसडीटी घेऊन मोकळा झाला असशील, तर मात्र विकायची घाई करू नकोस आणि माल अजून दुकानातच असेल तर तो हलवू नकोस. बिल, मेसेज, हॅशचा स्क्रीनशॉट, त्या वेळचा भाव आणि ताईंच्या पासपोर्टची प्रत घेऊन ये. कापायचा कर निघाला तर तो पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरावा लागतो, म्हणून ३ किंवा ४ लाच ये. दुपारी दोन ते चार मी झोपतो, त्यानंतर ये.